हार्मोनच्या इंजेक्शनवर असलेल्या माणसाच्या किडनीचा हिशेब कसा ठेवावा

बाबांचं क्रिएटिनिन नऊ महिन्यांत १.२ वरून १.० वर आलं, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइड या टेस्टोस्टेरॉन हार्मोन बंद करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन चालू होतं, पीएसए (या कॅन्सरचा माग ठेवणारा रक्तातला आकडा) खाली आला होता, आणि आता किडनीही सुधारली असं आई फोनवर सगळ्यांना सांगत होती. त्याच आठवड्यात मी बाबांची पँट इस्त्रीला घेतली. पट्टा एक भोक सैल करून लावल्याची खूण होती, म्हणजे पोट वाढलं होतं. मांडीपाशी मात्र कापड लोंबत होतं. मग आठवलं, हल्ली खुर्चीतून उठताना बाबा दोन्ही हातांनी जोर देतात. पूर्वी देत नसत.

मी हिशेब तपासण्याची नोकरी करते. एखादा आकडा कारण नसताना चांगला दिसायला लागला की आधी त्याच्या मागची नोंद बघायची, ही माझी सवय. तीच सवय इथे उपयोगी पडली. ज्यांच्या घरात वडील, नवरा किंवा भाऊ हार्मोनच्या उपचारावर आहेत त्यांना ती उपयोगी पडावी, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आकडा सुधारतो, किडनी नाही

क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात तो किती शिल्लक राहिला यावरून किडनी किती गाळते याचा अंदाज बांधतात, आणि वय व लिंग हिशेबात धरून रिपोर्टवर ईजीएफआर (जीएफआरचा, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज) म्हणून छापतात. हा सगळा अंदाज एका गृहीतावर उभा आहे: त्या वयाच्या पुरुषाच्या अंगात साधारण जितके स्नायू असतात, तितके या माणसाच्या अंगात आहेत.

हार्मोनचा उपचार नेमकं हेच गृहीत मोडतो. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं आणि १९६६ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. तेव्हापासून उपचाराचं सूत्र तेच आहे, टेस्टोस्टेरॉन बंद करायचं. पण याच टेस्टोस्टेरॉनमुळे पुरुषाचे स्नायू टिकतात. ते बंद झालं की स्नायू झिजतात, चरबी वाढते, आणि वजनकाटा मात्र जवळपास तिथेच राहतो. स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी तयार होतं. क्रिएटिनिन कमी, म्हणून ईजीएफआर वर जातो. गाळणी होती तिथेच असते, किंवा खालीही गेलेली असू शकते.

बाबांचा ईजीएफआर ६४ वरून ७९ वर गेला होता. मी डॉक्टरांना विचारलं, "स्नायूंवर अवलंबून नसलेली एखादी तपासणी आहे का?" त्यांनी सिस्टॅटिन सी लिहून दिली. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे मांड्या झिजल्या तरी त्याचा आकडा फारसा हलत नाही. बाबांचं सिस्टॅटिन १.३ आलं आणि त्यावरून जीएफआर निघाला ५२. दोन्ही आकडे एकत्र धरणारं सूत्र लावलं तेव्हा ६६. म्हणजे किडनी सुधारली नव्हती आणि ढासळलीही नव्हती, सुरुवातीला होती साधारण तिथेच होती. सुधारणा वाटत होती ती झिजलेल्या मांड्यांची होती. आई त्या दिवशी गप्प बसली. मला मात्र बरं वाटलं, कारण आता पायाखालची जमीन खरी होती.

सिस्टॅटिन सी दर वेळी करायची गरज नाही. उपचार सुरू होताना एकदा, आणि पुढे स्नायू झिजल्याचं दिसलं किंवा जीएफआर बघून एखाद्या औषधाचा डोस ठरवायचा असला तर पुन्हा, असं डॉक्टरांशी बोलून ठरवा. तीही तपासणी निर्दोष नाही. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल, थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत असेल, अंगात सूज किंवा संसर्ग असेल, लठ्ठपणा किंवा धूम्रपान असेल, तर सिस्टॅटिन वाढलेलं दिसतं आणि किडनी आहे त्यापेक्षा वाईट भासते. अ‍ॅबिराटेरॉन ही प्रोस्टेटच्या कॅन्सरची गोळी घेणाऱ्यांना सोबत स्टेरॉइड असतंच, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

किडनीवर खरा परिणाम होतो तो कुठून

यात दोन्ही बाजू आहेत. वाढलेल्या प्रोस्टेटने मूत्राशयाचं तोंड दाबलं असेल किंवा गाठीने मूत्रवाहिन्या अडवल्या असतील, तर लघवी मागे तुंबते आणि सोनोग्राफीत किडनीला सूज दिसते. अशा माणसाची गाठ हार्मोनच्या उपचाराने आकसली की किडनी मोकळी होऊ शकते. तिथे हाच उपचार किडनी वाचवतो.

दुसरी बाजू हळू चालणारी. टेस्टोस्टेरॉन गेलं की पोटाची चरबी वाढते, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० साली या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात मधुमेह आणि हृदयविकाराचा इशारा घालायला लावला. मधुमेह आणि रक्तदाब हे तर किडनीचे जुने वैरी. शिवाय टेस्टोस्टेरॉन रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतं, त्यामुळे ते गेल्यावर किडनीचा रक्तपुरवठा कमी पडत असावा, असा एक विचार मांडला जातो.

किडनी अचानक बंद पडण्याबद्दल २०१३ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. ब्रिटनमधले, कॅन्सर शरीरात पसरलेला नसलेले १०,२५० नवे रुग्ण त्यात होते. किडनीला अचानक इजा होऊन २३२ जण रुग्णालयात दाखल झाले. हार्मोनचा उपचार चालू असलेल्यांमध्ये ही शक्यता कधीच न घेतलेल्यांच्या सुमारे अडीच पट निघाली. अडीच पट वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. म्हणून त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही सांगते: सगळे रुग्ण मिळून हे प्रमाण वर्षाला हजारी साडेपाच होतं. हा नोंदींवरून केलेला अभ्यास होता, आणि ज्यांना हार्मोनचा उपचार दिला जातो ते मुळातच जास्त आजारी असू शकतात. म्हणजे उपचार धोक्याचा म्हणून टाळा, असा याचा अर्थ निघत नाही. लक्ष ठेवा, एवढा मात्र नक्की निघतो. आकडे वाचून घाबरून इंजेक्शन स्वतःहून चुकवू नका. कॅन्सर मोकळा सोडण्याचा धोका फार मोठा आहे.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी

आमच्याकडे ही पायरी अर्धीच झाली. क्रिएटिनिन होतं, बाकीचं नव्हतं, आणि पुढे प्रत्येक वेळी "आधी किती होतं?" या प्रश्नापाशी अडलो. तुम्ही सगळं आधीच करून घ्या. रक्तात क्रिएटिनिन व ईजीएफआर, सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर). शक्य असेल तर सिस्टॅटिन सी. लघवीत अल्ब्युमिन या प्रथिनाचं आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर. ते ३० च्या आत हवं, आणि ते वाढणं ही किडनी बिघडल्याची फार लवकर मिळणारी खूण असते. पोटाची सोनोग्राफी, आणि त्यात लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते तेही मोजायला सांगा. हे मोजमाप सांगितल्याशिवाय कधीकधी राहून जातं.

लघवी अडखळत असेल किंवा सोनोग्राफीत किडनीला सूज असेल, तर इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शनं पहिले दोन-तीन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढवतात आणि मग खाली आणतात. त्या वाढीच्या काळात गाठ फुगून लघवी पूर्ण अडू शकते. म्हणून आधी काही दिवस बायकॅल्युटामाइडसारखी, टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी गोळी सुरू करतात, किंवा डेगारेलिक्ससारखं औषध निवडतात, कारण त्याने सुरुवातीची ही वाढ होतच नाही. पहिल्या महिन्यात लघवीची धार बारीक झाली, ओटीपोट ताठ झालं, लघवीच झाली नाही, तर सकाळची वाट बघू नका.

वही

मी साधी रेघांची वही घेतली. प्रत्येक तपासणीला एक ओळ: तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, वजन. आणि दोन रकाने, जे कोणी सांगितले नव्हते पण मला सगळ्यांत उपयोगी पडले. एक मांडीचा घेर, गुडघ्याच्या वरच्या कडेपासून टेपने १५ सेंटिमीटर मोजून, नेहमी उजव्याच पायावर. दुसरा, हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं. तोल जाण्याची भीती असेल तर खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि शेजारी उभे राहा. पहिल्या दिवशी बाबा सात वेळा उठले आणि म्हणाले, "आठवा होत नाही गं." मी सात लिहिलं.

क्रिएटिनिन उतरतंय आणि मांडीचा घेरही उतरतोय, तर त्या उतरण्याचा आनंद मानू नका. घेर उतरतोय आणि क्रिएटिनिन आहे तिथेच आहे, तर तेही डॉक्टरांच्या नजरेस आणा. स्नायू कमी झाले म्हणजे ते खाली यायला हवं होतं.

तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा. आदल्या दिवशी जड व्यायाम नको, मांसाहाराचं भरपेट जेवण नको. ताकदीसाठी कोणी क्रिएटिनची पावडर आणून दिली तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, तिने क्रिएटिनिनचा आकडाच फिरतो.

'नॉर्मल' छापलेलं असूनही

दुसऱ्या वर्षी बाबांना जुलाब लागले. दोन दिवस पाणी पोटात ठरत नव्हतं. त्यातच गुडघा दुखत होता म्हणून घरात पडून असलेली डायक्लोफेनॅकची गोळी त्यांनी सकाळ-संध्याकाळ घेतली, आणि रक्तदाबाची गोळीही नेमाने चालू ठेवली. त्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध अशी जोडी होती. अंगात पाणी कमी आणि ही तीन औषधं एकत्र, यापेक्षा वाईट मेळ किडनीसाठी क्वचितच असेल. वेदनाशामक गोळी किडनीत रक्त आणणारी वाट आवळते, टेल्मिसार्टन गाळणीतला दाब उतरवतं, आणि लघवीचं औषध उरलंसुरलं पाणीही काढतं.

रिपोर्ट आला, क्रिएटिनिन १.३. प्रयोगशाळेची मर्यादा ०.७ ते १.३. आकडा ठळक केलेला नव्हता. त्या दिवशी ज्यांनी तपासलं त्यांनी रिपोर्टवर नजर टाकून किडनी ठीक आहे म्हटलं. मी वही उघडून पुढे केली: तीन आठवड्यांपूर्वी १.०. आणि हा १.० सुद्धा कमी झालेल्या स्नायूंचा. त्यांनी वही नीट पाहिली, सलाईन लावलं, डायक्लोफेनॅक बंद केलं, रक्तदाबाची गोळी थांबवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. १.६. मग मात्र दाखल केलं. चार दिवसांनी आकडा उतरायला लागला, पुन्हा १.० च्या जवळ यायला महिना गेला.

दोन दिवसांत ०.३ ची वाढ, किंवा सात दिवसांत नेहमीच्या आकड्याच्या दीडपट, ही किडनीला अचानक इजा झाल्याची व्याख्या आहे. छापील मर्यादा त्यात कुठेच येत नाही. तुमच्या माणसाचा नेहमीचा आकडा काय, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसतं. ते तुम्हालाच ठाऊक असायला हवं.

त्यानंतर मी डॉक्टरांकडून एक कागद लिहून घेतला: जुलाब, उलट्या, कडक ताप असेल आणि खाणं-पिणं होत नसेल त्या दिवशी कुठली गोळी थांबवायची आणि ती परत कधी सुरू करायची. असा कागद तुम्हीही आधीच मागून ठेवा. त्यात साधारणपणे डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची औषधं, मेटफॉर्मिन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं असतात. पण कुणाचं काय थांबवायचं हे त्याच्या हृदयावर आणि साखरेवर ठरतं, म्हणून माझ्या लिहिण्यावरून नाही, तुमच्या डॉक्टरांच्या कागदावरून थांबवा. उलट एक गोळी आपल्या मनाने कधीच थांबवायची नाही, ती म्हणजे प्रेडनिसोलोन. उलट्यांमुळे ती पोटात राहत नसेल तर लगेच डॉक्टरांना कळवा.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एसिक्लोफेनॅक या गोळ्या मी घरातून काढूनच टाकल्या. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही ठरवून दिलेल्या मात्रेत.

पुढची औषधं

इंजेक्शनच्या जोडीला गोळ्या सुरू झाल्या की वहीत नवे रकाने येतात. अ‍ॅबिराटेरॉन किडनीतून बाहेर पडत नाही, पण त्याने अंगात मीठ आणि पाणी साठतं, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. त्यासाठीच सोबत प्रेडनिसोलोन देतात. ते घेताना घरी रक्तदाब मोजा, घोट्यावर बोट दाबून खड्डा राहतो का बघा, आणि पोटॅशियमची तपासणी चुकवू नका. ही गोळी रिकाम्या पोटीच घ्यायची, जेवणासोबत घेतली तर रक्तात कितीतरी जास्त उतरते. एन्झाल्युटामाइडने रक्तदाब वाढतो आणि पडण्याची भीती असते. डारोल्युटामाइडचा डोस किडनी फारच कमजोर असेल, म्हणजे जीएफआर ३० च्या खाली असेल, तर निम्मा करतात.

सगळ्यांत जपायचं ते हाडांसाठीच्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडला. हार्मोनच्या उपचाराने हाडं ठिसूळ होतात, किंवा कॅन्सर हाडांत गेलेला असतो, म्हणून ते शिरेतून देतात. ते थेट किडनीवर येऊ शकतं. प्रत्येक वेळी आधी क्रिएटिनिन बघावं लागतं, ४ मिलिग्रॅमचा पूर्ण डोस किडनी ६० च्या वर चालत असेल तरच, ३० ते ६० च्या मध्ये तो कमी करतात, ३० च्या खाली सहसा देत नाहीत. आणि सलाईन किमान १५ मिनिटं चाललं पाहिजे. गर्दीच्या दिवशी कोणी भरभर सोडत असेल तर नम्रपणे पण ठामपणे थांबवा. इथेच स्नायूंचा मुद्दा पुन्हा येतो: झिजलेल्या माणसाचा क्रिएटिनिनवरून काढलेला आकडा फुगलेला असतो, आणि त्यावर डोस ठरला तर तो जास्त होऊ शकतो. बाबांना हे औषध सुरू करायच्या वेळी मी सिस्टॅटिनचा रिपोर्ट समोर ठेवला होता. हाडांसाठीचंच दुसरं औषध डेनोसुमॅब किडनीवर येत नाही, पण किडनी कमजोर असेल तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक उतरू शकतं, म्हणून आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

सीटी स्कॅनला शिरेतून डाय (चित्रात अवयव उठून दिसावेत म्हणून देतात ते द्रव्य) देणार असतील तर शेवटचं क्रिएटिनिन सोबत न्या, आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर ते सांगा.

स्नायू परत मिळवणं

खरं तर हीच किडनीची बाजू सांभाळण्याची घरातली सर्वांत चांगली तजवीज. आकडा खरा राहतो, साखर ताब्यात राहते, माणूस पडत नाही. नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंवर भार यावा लागतो. बाबांनी खुर्चीतून उठण्यापासूनच सुरुवात केली, सकाळी आणि संध्याकाळी, मग हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन. कॅन्सर हाडांत असेल तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा की कुठल्या हाडावर भार नको. प्रथिनं किती घ्यायची तेही किडनीचा खरा आकडा दाखवूनच ठरवा, कारण स्नायूंना जास्त लागतात आणि कमजोर किडनीला झेपत नाहीत.

ताबडतोब निघायचं ते कधी

लघवी सहा-आठ तास झालीच नाही, किंवा झाली ती अगदी थोडी आणि गडद. लघवीत रक्ताच्या गाठी. पाठीत बरगड्यांखाली दुखणं आणि सोबत थंडी-ताप. धाप लागणं, एकाएकी पाय सुजणं, छातीत धडधड, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं. आणि पाठीत नवं दुखणं येऊन पाय लुळे पडणं किंवा लघवी कळेनाशी होणं. हे मणक्यातली नस दबल्याचं असू शकतं, किडनीचं नाही, पण त्यात तासांना किंमत असते.

निघताना वही, गोळ्यांची पिशवी आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख एवढं बरोबर घ्या. आमच्याकडे ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने असते. दर तीन महिन्यांनी बाबा स्वतः खोडून नवी लिहितात, आणि तिच्या खाली त्या दिवशी खुर्चीतून किती वेळा उठले तो आकडा. सध्या तिथे बारा आहे.